आठ किलोंचा मुकादम

मांजराचं केळवण कधी ऐकलंय? अबुधाबीत झालं. एक नाही, चांगली अकरा झाली, आणि पुढचा सगळा घोळ त्या अकरा जेवणांतूनच उभा राहिला.

मांजराचं नाव मुकादम. आठ वर्षांपूर्वी मुरूर रोडवरच्या बिल्डिंगमागे तेरश्यांच्या गाडीखाली सापडला, तेव्हा मुठीत मावत होता. वाढला तसा त्याला एक छंद लागला. घरात एसीवाला येवो नाहीतर प्लंबर, हा समोर बसणार आणि शेवटचा स्क्रू लागेपर्यंत हलणार नाही. मग दुसरं काय नाव ठेवणार?

तर या मुकादमाला घेऊन दत्तप्रसाद आणि प्रमिला तेरसे यांना दहा जूनला कायमचं भारतात परतायचं होतं. दत्तप्रसाद तेल कंपनीच्या परचेस खात्यातून एकोणतीस वर्षांनी निवृत्त झाले होते. पुण्यात पाषाणला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवलेला होता. आणि प्रमिलाला नोकरी लागली होती. हो, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. तिची कॉलेजातली मैत्रीण सुजाता पाषाणलाच बालवाडी चालवते. तिने फोनवर सरळ सांगितलं, "पंधरा जूनला शाळा उघडते. छोटा गट तुझा. पण पंधरा म्हणजे पंधरा हं, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल. चाळीस पोरं मी एकटी कशी सांभाळू?"

लग्नाआधी प्रमिला तीन वर्षं दादरला बालवाडीवर होती. पोरांची नाकं पुसायची, गाणी म्हणायची, आणि पहिल्या तारखेला पाकीट घेऊन घरी यायची. मग लग्न झालं, इकडे आली, आणि व्हिसावर व्यवसायाच्या जागी 'हाउसवाइफ' असा शिक्का बसला. तो शिक्का सत्तावीस वर्षं न चुकता नव्याने बसत राहिला. त्यामुळे सुजाताच्या फोननंतर ती आतून किती हलली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता मांजर विमानाने न्यायचं म्हणजे खेळ नाही. त्यासाठी त्यांनी तनयाला गाठलं. तनया इथल्या मराठी मंडळातल्याच एका घरातली मुलगी, इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि आता लोकांची कुत्री-मांजरं देशोदेशी पाठवणं हाच तिचा धंदा. फी चार हजार दिरहम. "म्हणजे जवळजवळ लाख रुपये," दत्तप्रसादांनी तिच्यासमोरच हिशेब केला, "एवढ्यात आम्ही दोघं दोनदा जाऊन येऊ." तनया हसली. तिला सवय होती.

"काकू, लिसन," ती म्हणाली. "मायक्रोचिप आहे, रेबीजचं इंजेक्शन आहे, इंडियाचं परमिट मी काढते. उतरायचं मुंबईला, तिथे सरकारी डॉक्टर याला चेक करणार, मग तुम्ही गाडीने पुण्याला. इश्यू एकच आहे. जून ते सप्टेंबर विमानाच्या पोटात प्राणी घेत नाहीत. धावपट्टीवर पन्नास डिग्री असतं ना, रिस्क कोण घेणार? सो, केबिनमध्ये, तुमच्या पायाशी. आणि केबिनला लिमिट आहे. बॅगेसकट आठ किलो."

"आठ किलो पन्नास चालतं का?" प्रमिलाने विचारलं.

"नो, काकू. नाहीतर ऑक्टोबरमध्ये जा, कार्गोने."

ऑक्टोबर म्हटल्यावर प्रमिलाने मनात पंधरा जूनपासूनचे महिने मोजले. दत्तप्रसाद मात्र खुशीत हसले, कारण वजन हा त्यांचा प्रांत. मंडळातलं कोणीही सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगा आधी दत्तप्रसादांच्या हातातल्या डिजिटल काट्याला लटकायच्या. "तीस किलो दोनशे. खजुराचा एक डबा काढा," असं ते डोळे मिटूनही सांगायचे, आणि विमानतळावर तेवढंच भरायचं. त्यांनी तनयाच्या ऑफिसातच काटा काढला. बॅग एक किलो तीनशे, मुकादम सहा किलो चारशे. एकूण सात किलो सातशे. यापेक्षा हलकी आणि एअरलाइनला चालणारी बॅग बाजारात नव्हती. "तीनशे ग्रॅम हातात आहेत," दत्तप्रसाद म्हणाले. "आरामात जाऊ."

"फक्त त्याला बॅगेची सवय लावा," तनयाने बजावलं. "रोज बॅगेत घालून कुठेतरी न्या. बॅग म्हणजे गुड थिंग्ज, असं त्याला वाटलं पाहिजे."

झालं. नेमकी तीच गोष्ट अंगाशी आली.

कारण तेरसे चालले म्हटल्यावर मंडळाने निरोपाची जेवणं काढली. आपल्याकडे लग्नाआधी मुलीला, मुलाला घरोघर जेवायला बोलावतात, तसं इथे कायमचं परतणाऱ्याला बोलावतात आणि त्यालाही केळवणच म्हणतात. प्रत्येकाने एक दिवस धरला. बॅगेची सवय लावायची म्हणून मुकादमही सोबत. आणि मुकादम सोबत आला म्हटल्यावर त्याला उपाशी कसा बसवणार? पहिल्याच घरी त्याच्यासाठी वेगळं ताट. सुरमईची काटे काढलेली तुकडी, बाजूला वाटीभर साय. दुसऱ्या घरी कळलं की पहिल्या घरी सुरमई होती, म्हणून त्यांनी कोलंबी उकडली. तिसऱ्या घरी तर बॅगेभोवती रांगोळी काढून त्याचं औक्षण झालं आणि पुढ्यात पापलेट आलं. तनया म्हणाली होती तसं त्याला पक्कं पटलं की बॅग म्हणजे चंगळ. नंतर नंतर तर बॅग उघडली की तो स्वतःच आत जाऊन बसायचा आणि चेन लावायची वाट बघायचा.

अकरावं केळवण आटोपलं आणि दहा मेला तनयाने पुन्हा वजन मागितलं. दत्तप्रसादांनी काटा उचलला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आठ किलो दोनशे."

"काका," तनया म्हणाली, "याला काय घातलंत तुम्ही?"

 प्रमिलाला आपलाच राग आला. कोलंबीच्या घरी 'अजून दोन घाला हो, आवडीने खातोय' असं म्हणणारी तीच होती.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी समजावलं की मांजराला उपाशी ठेवायचं नाही, लिव्हरवर जातं. मोजून खायला द्या, खेळवा, आठवड्याला साठ-सत्तर ग्रॅम उतरेल. हातात महिना होता. हिशेब बसत होता. प्रमिलाने घरात फर्मान काढलं. मुकादमाला सकाळी मोजून अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी वाटी, बाकी खलास. रोज सकाळी दत्तप्रसाद वजन करणार आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिणार. समोरच्या दारातल्या मरियमबींनाही तिने सांगून टाकलं. या मरियमबी हैदराबादच्या, एकट्या राहतात, आणि मुकादमाचं अर्धं बालपण त्यांच्या कोचावर गेलंय.

पहिल्या आठवड्यात आकडा आठ किलो एकशे चाळीसवर आला. प्रमिलाने सुजाताला फोन करून सांगितलं, येतेय मी. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आकडा होता आठ किलो दोनशे वीस.

"काटा बिघडलाय," प्रमिला म्हणाली.

"माझा काटा बिघडत नाही," दत्तप्रसाद म्हणाले. ते खरंच होतं.

म्हणजे कोणीतरी चोरून खायला घालत होतं. दुबईहून मुलगी अवनीचा फोन आला तेव्हा प्रमिलाने तिच्याकडे मन मोकळं केलं. "आई, इट्स ऑब्व्हियस," अवनी म्हणाली. "मरियम आंटी. शी लव्ह्ज हिम, शी डझन्ट वॉन्ट हिम टू गो." प्रमिलाच्याही मनात तेच होतं. ती तडक समोर गेली आणि आडून आडून विचारायला लागली. मरियमबी काही दूधखुळ्या नव्हत्या.

"मेरे पे शक करते?" त्यांचे डोळे भरून आले. "दो हफ्ते से मैं दरवाजा नहीं खोली उसके वास्ते. वो बाहर रोता, मैं अंदर रोती. तुम एक काम करो. कल इधरीच बैठो मेरे पास, चाय पियो, और अपना दरवाजा देखो. कौन आता, कौन जाता, खुद देख लो."

प्रमिलाला ओशाळल्यासारखं झालं, पण कल्पना वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला "बँकेत जाऊन येते, दोन तास लागतील" असं सांगून ती घराबाहेर पडली आणि चार पावलांवर मरियमबींच्या घरात शिरली. मग दोघी बाया दाराच्या भोकाला आळीपाळीने डोळा लावून बसल्या. मध्ये दत्तप्रसाद खाली गेले, चहा झाला, उस्मानिया बिस्किटं झाली. साडेदहाला लिफ्ट वाजली.

लिफ्टमधून दत्तप्रसाद उतरले. हातात खालच्या बकाल्यातली पिशवी. बकाला म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि पिशवी पातळ, त्यामुळे आतले ट्यूनाचे तीन डबे लख्ख दिसत होते. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, दार उघडलं आणि आत गेले.

 मरियमबींनी प्रमिलाच्या हातातला कप काढून घेतला.

प्रमिलाने आपल्या दाराला हळूच किल्ली लावली. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. दत्तप्रसाद फरशीवर मांडी घालून बसले होते, पुढ्यात बशी, बशीत मासा, आणि मुकादम खाली मान घालून कामाला लागला होता.

"खा बाबा," ते त्याला सांगत होते. "सावकाश खा. तू आठच्या वर राहिलास की ऑक्टोबरपर्यंत इथून कोणी हलत नाही."

प्रमिला दारातच उभी राहिली. तिला आधी काही सुधरेचना. हा माणूस रोज सकाळी तिच्यासमोर मांजराचं वजन करत होता, खरा आकडा लिहीत होता, तिच्याबरोबर हळहळत होता. मग तिच्या लक्षात आलं की कॅलेंडरवर खोटं वजन लिहिणं त्यांना जमलंच नसतं. सबंध मंडळाच्या बॅगा तोललेला माणूस तो. खोटा आकडा हातून उतरेना, म्हणून त्यांनी मांजरच जाड केलं.

"मरियमबी रडल्या माझ्यामुळे," ती म्हणाली.

दत्तप्रसाद दचकले. उठायला गेले, गुडघा धरला, पुन्हा खाली बसले. मुकादमाने मान वर केली नाही.

"मला जायचं नाही, प्रमिला," ते म्हणाले.

"हे कधी बोलला नाहीत."

"कसा बोलणार? सुजाताचा फोन आला त्या दिवशी तू ओट्यापाशी एकटीच गाणं म्हणत नाचत होतीस. हातवारे करून. मी दारातून बघितलं. इतक्या वर्षांत तुला तसं बघितलं नव्हतं. त्यावर मी काय सांगू?"

"मग मांजराला पुढे केलंत."

त्यांनी ट्यूनाचा रिकामा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "इथे मला बकाल्यातला अक्रमसुद्धा नावाने हाक मारतो. बॅग भरली की लोक माझ्याकडे येतात. तिथे मी कोण? सातव्या मजल्यावरचे नवीन काका. सोसायटीची नोटीस वाचत उभा राहणारा म्हातारा. भीती वाटते गं मला."

प्रमिलाला त्यांची कीव आली. पण कीव आली म्हणून राग गेला, असं काही होत नसतं.

"आणि मी कोण होते इथे?" ती म्हणाली. "पहिलं सबंध वर्ष तुम्ही ऑफिसला गेलात की मी रडायचे. तुम्हाला कधी कळू दिलं नाही. कोणाला ओळखत नव्हते, काम करायची परवानगी नव्हती, बसची भीती वाटायची. मग हळूहळू माणसं जोडली, झालं. सत्तावीस वर्षं मी तुमच्या व्हिसावर राहिले, अहो. आता थोडे दिवस तुम्ही माझ्या नोकरीवर राहून बघा."

दत्तप्रसादांनी मुकादमापुढची बशी उचलून घेतली.

"मी दहाला जाणार," ती पुढे म्हणाली. "मुकादम आठात बसला तर त्याला घेऊन. नाही बसला तर तो राहील तुमच्याजवळ. तुमचा व्हिसा अजून चालू आहे, घराचा करार डिसेंबरपर्यंत आहे, राहायचं तर खुशाल राहा. पण मांजराचं निमित्त सांगायचं नाही. राहतोय म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

एवढं ठणकावून ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती एकटीने कधी विमानातसुद्धा बसली नव्हती. आणि हे राहिलेच तर? त्यांच्याशिवाय त्या सातव्या मजल्यावर कुलूप उघडायचं? तरी बोललेला शब्द तिने मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तप्रसादांनी उरलेले दोन डबे मरियमबींना नेऊन दिले आणि माफी मागितली. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये धाप धाप पावलं ऐकू आली म्हणून प्रमिलाने दार उघडलं. साठीचे दत्तप्रसाद मंडळाचा टी-शर्ट घालून पळत होते, हातात पायजम्याची नाडी, नाडीच्या टोकाला कागदाचा बोळा, आणि मागे मुकादम. तोही धापा टाकत होता. मरियमबी दारात उभ्या राहून अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे "चला, चला", म्हणत होत्या.

हे रोज चाललं. ट्यूना बंद झाला तसा तीन दिवसांत मुकादम ऐंशी ग्रॅम उतरला, मग रोज थोडा थोडा. दत्तप्रसाद आकडा लिहायचे, पळायचे, घाम पुसायचे. आपण जाणार की राहणार, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. प्रमिलाने विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? त्यापेक्षा बॅगा भरलेल्या बऱ्या. तिने आपल्या दोन बॅगा भरल्या. त्यांची बॅग कपाटावर तशीच होती, आणि येता-जाता तिची नजर तिकडे जायची.

नऊ जूनच्या सकाळी शेवटचं वजन झालं. आठ किलो तीस ग्रॅम.

तनया फोनवर होती. "काका, तीस ग्रॅम," ती म्हणाली. "सो क्लोज. पण मी काउंटरवर काही करू शकत नाही, आय ॲम सो सॉरी. काकू, त्याला इकडे ठेवून जाणार का? मला आत्ता सांगा, मग एअरलाइनला कळवते."

प्रमिला खुर्चीत बसली. मुकादम तिच्या पायाला अंग घासत होता. तिने त्याला उचलून मांडीवर घेतलं. ऑक्टोबर काही फार लांब नाही, तिने स्वतःला सांगून बघितलं, पण त्याला खाली ठेववेना.

"एक मिनिट थांब, तनया," दत्तप्रसाद म्हणाले.

त्यांनी पक्कड आणली. बॅगेला खांद्यावर अडकवायचा एक जाड पट्टा होता, त्याला दोन लोखंडी आकडे, आणि ते आकडे अडकवायला बॅगेच्या बाजूंना दोन लोखंडी कड्या. त्यांनी पट्टा सोडवला. कड्या पकडीने उकलून काढल्या. मग मुकादमाला आत बसवलं, चेन लावली आणि बॅग काट्याला अडकवली.

"सात किलो आठशे नव्वद," ते म्हणाले.

फोनवर तनया ओरडली ते ऐकून मुकादमाने कान मागे पाडले. प्रमिला काट्याकडे बघत होती. मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

"हा पट्टा निघतो, हे तुम्हाला आज कळलं?"

"नाही," दत्तप्रसाद म्हणाले. "पहिल्याच दिवशी, तनयाच्या ऑफिसात. एकशे चाळीस ग्रॅमचा पट्टा आहे, माझ्या नजरेतून कसा सुटेल?"

"मग आत्तापर्यंत बोलला का नाहीत?"

"तेव्हा मला जायचं नव्हतं."

एवढं बोलून त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि कपाटावरची आपली बॅग खाली काढली. प्रमिला उठली आणि त्यांचे शर्ट घडी घालायला लागली.  

दुसऱ्या दिवशी विमानतळावर दत्तप्रसादांनी मुकादमाची बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, कारण खांद्याला अडकवायला आता काही नव्हतं. काउंटरवरचा मुलगा उत्तरेकडचा, नम्र. त्याने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. आकडा आला सात किलो नऊशे. त्याने मान डोलावली, तनयाने दिलेले कागद चाळले आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

"पेट किसके साथ डालूँ, सर? आपके?"

"नहीं, मॅडम के साथ," दत्तप्रसाद म्हणाले.

"और आप, सर?"

दत्तप्रसादांनी प्रमिलाकडे बघितलं. मग त्या मुलाला, आणि मागच्या रांगेतल्या चार लोकांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात त्यांनी सांगितलं, "मैं भी मॅडम के साथ. इनकी नौकरी लगी है पुणे में."